टॅग केलेल्यांची पंगत

मित्रांनो, या कॅफेत शिरलात की डाव्या भिंतीवर तुम्हाला पितळेचा एक दिवा दिसतो. त्याला दिवा म्हणायला मी अजून शिकले नाही, कारण तो म्हणजे मी. मी तूप वाढायची लोटी आहे. माझ्या अंगाला बारीक वाकडी तोटी आहे, वर धरायला कडी आहे, आणि माझं बरंचसं आयुष्य भिंतीवर नव्हे, माणसाच्या हातात गेलं आहे.

माझा जन्म इंदूरचा. एका तांबटाने मला ठोकून ठोकून आकार दिला. त्याचा हात जड होता, पण तोटी लावताना त्याने श्वास रोखून धरला होता, एवढं मला आठवतं. तोटी थोडी जरी चुकली तरी तूप पोळीवर न पडता जेवणाऱ्याच्या धोतरावर पडतं. मग आतून कल्हई झाली. पितळेला कल्हई नसली की तूप कळकतं. मी आतून चांदीसारखी चकाकत दुकानाच्या फळीवर बसले आणि एका बाईने मला उचललं. त्या अक्का.

अक्कांचे यजमान रेल्वेच्या नोकरीसाठी साताऱ्याकडून उज्जैनला आले आणि इथलेच झाले. ते अकाली गेले, तेव्हा अक्कांनी देवास गेटच्या मागच्या गल्लीत खानावळ सुरू केली. बँकेतले, पोस्टातले, शाळेतले, घरापासून लांब राहणारे मराठी लोक तिथे जेवायला येत. टेबलं नव्हती. पाट मांडलेले, ओळीत बसायचं, ताट समोर. भाजी, आमटी कोणीही वाढो, पण तूप वाढायला घरची बाईच यायची, हा अक्कांचा नेम. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत जायचं, प्रत्येकासमोर वाकायचं, विचारायचं, आणि 'नको' म्हटलं तरी थोडं वाढायचं. "तूप विचारलं नाही तर माणूस जेवला असं होत नाही," असं त्या म्हणत.

अक्का थकल्यावर माझी कडी त्यांच्या सुनेच्या हाती आली. तिचं नाव विनोदिनी. तिचे यजमान श्रीपाद गल्ल्यावर बसत आणि बाजारहाट करत. स्वयंपाकघर आणि पंगत विनोदिनीची. गुरुवारी पुरणपोळी असे. त्या दिवशी मला चुलीच्या कडेला ठेवत, म्हणजे तूप पातळ राही. थंडीत मी अंगभर ऊबदार असे. विनोदिनी मला पदराने धरून बाहेर आणायची आणि पाटांवर बसलेली माणसं आपोआप पोळी मोडायची थांबायची.

कोपऱ्यातला पाट भय्यासाहेबांचा. ते सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, एकटे. रोज सकाळी राम घाटावर फिरून येत आणि दुपारी बरोबर हजर होत.

"वहिनी, बस. डॉक्टरने मना केलंय."

"डॉक्टर काय तुमच्या पाटाशी येऊन बसलाय? थोडंसं."

"थोडंसं म्हणून तुम्ही लोटी उपडी करता."

"मग ताट तिरपं धरा, वाहून जाईल."

हे रोजचं. रोज तेच बोलणं आणि रोज तेच हसणं. मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूला यापेक्षा मोठं कौतुक काय असणार?

विनोदिनीला दोन मुलं. थोरली भार्गवी, धाकटा रुचिर. भार्गवी लहानपणी पंगत उठल्यावर रिकाम्या पाटावर बसून पुस्तक वाचायची आणि आई येऊन न विचारता तिच्या भातावर तूप घालायची. तिला ते कळायचंही नाही. पुढे ती ग्वाल्हेरला कॉलेजात शिकवायला गेली. रुचिर इंदूरला एका जाहिरात कंपनीत लागला.

मग हळूहळू पाट रिकामे राहू लागले. जुने लोक बदलून गेले, निवृत्त झाले, वारले. यात्रेकरू पूर्वी बस स्टँडवर उतरून गल्लीत शिरत. आता ते उतरताच ई-रिक्शात बसून थेट मंदिराकडे जातात आणि तिथेच रांगेने उभ्या असलेल्या नव्या हॉटेलांत जेवतात. मोकळ्या पाटांवर श्रीपादांनी वर्तमानपत्रं ठेवायला सुरुवात केली. विनोदिनी ती रोज उचलून ठेवायची. "पाटावर माणूस बसतो," म्हणायची. एका गुरुवारी मला बाहेर आणलं तेव्हा पंगतीत भय्यासाहेब एकटेच होते. तिने तरीही पहिल्या पाटापासून चालायला सुरुवात केली.

ते रुचिरने पाहिलं. तो सुट्टीवर आला होता. तो म्हणाला, "आई, असं नाही चालणार. आजकल लोग जेवायच्या आधी मोबाइलवर बघतात. जिथे दिसतं तिथेच जातात."

त्याने खानावळीच्या नावाने अकाउंट उघडलं आणि आईची रील काढली. रील म्हणजे लहानसा व्हिडिओ. विनोदिनी आधी लाजली, मग केसांवर हात फिरवून उभी राहिली. माझी तोटी अगदी पुढे होती. पोळीवर तूप पडलं, वाफ आली आणि ती कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली, "आइए ना, बैठिए. पेटभर खिलाऊँगी." खाली रुचिरने लिहिलं की ही रील शेअर करा, तीन मित्रांना टॅग करा, ज्यांची नावं निघतील त्यांना काकूंच्या हातची पुरणपोळीची थाळी मोफत. याला गिव्हअवे म्हणतात, असं त्याने घरच्यांना समजावलं.

"मोफत कशाला?" श्रीपादांनी विचारलं.

"बाबा, थोड्यांना मोफत द्यायचं, बाकीचे बघून पैसे देऊन येतात. सगळे हॉटेलवाले हेच करतात."

माणसं आली. गल्लीत इतक्या दुचाक्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. ज्यांची नावं निघाली ते आले, आणि त्यांनी ज्यांना टॅग केलं होतं तेही आले. रुचिर दारात उभा राहून मोबाइलमधली नावं बघून एकेकाला आत सोडत होता. विनोदिनी तूप घेऊन बाहेर आली आणि दाराशी थबकली.

"हे लोक बाहेर का उभे?"

"यांचं नाव नाही निघालं, आई. यांना फक्त टॅग केलंय."

"म्हणजे काय केलंय?"

"म्हणजे... नाव लिहिलंय त्यांचं. विजेत्याने."

"आपल्या खानावळीसाठी नाव घेतलंय ना?"

"हां, पण..."

"मग बोलावलंच की रे. नाव घेऊन बोलावलेल्या माणसाला दारातून परत पाठवायचं? तुझ्या आजीने ऐकलं असतं तर लाटणं घातलं असतं डोक्यात."

"आई, टॅग म्हणजे आमंत्रण नसतं गं!"

"तुमच्यात नसेल," ती म्हणाली आणि दाराबाहेरच्यांना हात करून म्हणाली, "आइए बेटा, अंदर आइए. धूप में क्यों खड़े हो?"

ती सगळी पोरं आत आली. पाट पुरले नाहीत, तेव्हा श्रीपादांनी सतरंज्या घातल्या. भय्यासाहेब नेहमीच्या वेळी आले, तर त्यांच्या कोपऱ्यात तीन मुली ताटाचे फोटो काढत बसल्या होत्या. ते दारातच छत्री टेकून उभे राहिले.

"वहिनी, मला पण टॅग करून टाका. त्याशिवाय आता जागा मिळायची नाही," ते म्हणाले. सगळे हसले. थोडा वेळ उभे राहून ते निघून गेले. विनोदिनी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होती, तिला कळलं नाही. मला कळलं, पण मी काय करणार?

त्या दिवशी तिला फार आनंद झाला होता. सगळे पाट भरले होते. मला राखेने घासताना ती गुणगुणत होती. पुढच्या गुरुवारी पाट पुन्हा रिकामे होते. मोफत जेवलेल्यांपैकी एकही पुन्हा आला नाही. रुचिर म्हणाला, एकदा करून भागत नाही, करत राहावं लागतं. मग करत राहिले. गिव्हअवे असला की गर्दी, नसला की सामसूम. रुचिर बक्षिसांची संख्या कमी करी आणि विनोदिनी टॅग केलेल्यांना आत घेई. पुरण वाटून, पोळ्या लाटून, तूप फिरवून ती भिंतीला टेकून उभी राही. माझ्यातलं तूप हिंदकळू लागलं होतं. तिचा हात थरथरतो हे मला सगळ्यांच्या आधी समजलं.

श्रावणात तिला दवाखान्यात नेलं. हृदय आधीपासूनच दुबळं होतं, डॉक्टर म्हणाले. ती परत आली नाही. तिथलं बोलणं मी ऐकलं नाही, पण घरी आल्यावर श्रीपादांनी भार्गवीला जे सांगितलं ते मी फळीवरून ऐकलं.

"मला म्हणाली, पंगत बंद नका करू. मी हो म्हटलं."

 भार्गवी ग्वाल्हेरहून आली होती, पण पोचायला तिला उशीर झाला होता.

सुतकात चूल थंड होती. मी उपडी पडून होते. अशात एका सकाळी रुचिरचा मोबाइल सारखा वाजू लागला. त्याने स्क्रीनकडे पाहिलं आणि खाली बसला. आई आजारी पडायच्या आधी त्याने पुढच्या गिव्हअवेचा व्हिडिओ तयार करून ठेवला होता आणि तो आपोआप बाहेर पडेल अशी व्यवस्था लावली होती. दवाखान्याच्या धावपळीत तो विसरला. व्हिडिओ ठरल्या दिवशी बाहेर पडला. विनोदिनी हसत लोकांना या म्हणत होती आणि लोक एकमेकांना टॅग करत होते.

"मी काढून टाकतो," रुचिर म्हणाला. 

श्रीपादांनी हात वर केला. "थांब. तिने बोलावलंय. आता नाही म्हणणारे आपण कोण?"

"बाबा, त्यांना सांगू या ना खरं काय ते," भार्गवी म्हणाली. "समजतील लोक."

"जेवायला बोलावून मग सांगायचं की घरात माणूस गेलंय? तिला आवडलं असतं?" मग ते म्हणाले, "तेराव्याला गोडाचं होणारच आहे. पुरण घालायचंच आहे. त्याच दिवशी येऊ देत."

आणि तसंच झालं. सुतक संपल्यानंतरचं पहिलं गोड जेवण, जे घरच्यांनी मान खाली घालून जेवायचं असतं, त्या जेवणाला गिव्हअवेचे विजेते आले. आलेल्यांना अवघड वाटू नये म्हणून श्रीपादांनी विनोदिनीचा हार घातलेला फोटो आतल्या खोलीत नेऊन ठेवला. नातेवाईक माजघरात बसले, बाहेरची पोरं पाटांवर. भय्यासाहेब आले होते. आज त्यांनी पाट मागितला नाही. पाण्याचा जग उचलला आणि मुकाट्याने पंगतीत पाणी घालत फिरू लागले.

माझी कडी भार्गवीने धरली. तिचा हात गार होता. ती पहिल्या पाटापासून निघाली. वाकली, तूप घातलं, पण विचारायचं मात्र तिला जमेना. 

"दीदी, आंटी कहाँ हैं?" एका मुलीने विचारलं. "उनके साथ फोटो लेना था. रील में तो वही परोसती हैं ना."

पंगतीतल्या पोरांनी माना वर केल्या. भार्गवीने गल्ल्याकडे पाहिलं. श्रीपाद म्हणाले, "बेटा, वो बाहर गई हैं. आप आराम से खाइए."

भय्यासाहेबांच्या हातून पाणी पेल्याबाहेर सांडलं. "सॉरी, सॉरी," म्हणत ते आपल्याच उपरण्याने पुसू लागले.

दोन दिवसांनी रुचिरने मोबाइल सगळ्यांपुढे ठेवला. त्या मुलीने लिहिलं होतं: 'गिव्हअवे फेक है. रील वाली आंटी थी ही नहीं, कोई और परोस रही थी, वो भी बिना मुस्कुराए.' त्याखाली शेकडो लोकांनी हो-हो केलं होतं. कोणी लिहिलं, ये लोग आंटी का चेहरा दिखाकर बुलाते हैं.

"मी उत्तर देते," भार्गवी म्हणाली.  मग तिने लिहिलं, 'वो मेरी माँ थीं. उस दिन उनकी तेरहवीं थी.' तिने तेवढंच लिहिलं.

जोडलेले हात आले. रडके चेहरे आले. क्षमाही मागितली त्या मुलीने. आणि त्या सगळ्याखाली एकाने विचारलं, 'अगला गिव्हअवे कब है?'

त्यानंतर लोक पुन्हा आले, पण जेवायला नव्हे. ते श्रीपादांना फोटोजवळ उभं करीत. "अंकल, ज़रा आंटी के बारे में दो शब्द." श्रीपाद दोन शब्द बोलत. "थोड़ा इमोशनल बोलिए ना." श्रीपादांना कळायचं नाही, ते तेच दोन शब्द पुन्हा बोलत. मला कोणी हातात घेऊन फिरवत, मागून पुढून व्हिडिओ काढत. माझ्यात तूप आहे की नाही हे कोणी पाहिलं नाही.

रुचिर म्हणाला, "एक शेवटचा करू. आईच्या आठवणीसाठी."

"नको," भार्गवी म्हणाली. "फुकट खायला आलेल्यांची पंगत होत नाही, बाबा."

"मग पंगत कशाने होते गं?" श्रीपादांनी तिच्याकडे खरोखर उत्तर हवं असल्यासारखं पाहिलं. "माणसं ओळीत बसली, जेवली. मी तिला तेवढंच कबूल केलंय."

 इतकी पुस्तकं वाचलेली बाई, पण बापापुढून उठली आणि रिकामे पाट पुसू लागली.

तो गिव्हअवे झाला. विकतच्या पोळ्या आणल्या होत्या. माणसं ओळीत बसली, जेवली आणि उठून गेली. दुसऱ्या दिवशी श्रीपाद एकटेच पाट मांडत होते. ते दुपारपर्यंत मांडलेलेच राहिले. भय्यासाहेबही आले नाहीत. ते मुलीकडे कायमचे पुण्याला गेल्याचं मागाहून कळलं. संध्याकाळी श्रीपादांनी पाट एकावर एक रचले आणि रुचिरला म्हणाले, "दे कोणाला तरी."

जागा एका कॅफेवाल्याने घेतली. त्याला जागेबरोबर अकाउंटही हवं होतं, कारण बघणारी माणसं तिथे आधीच जमलेली होती. विनोदिनीचे व्हिडिओ त्यातच होते. ते अकाउंट, ते पाट आणि फळीवरची मी, असे सगळे त्याच्याकडे गेलो.

त्याने मला घासूनपुसून लखलखीत केलं. मला क्षणभर वाटलं, आता कल्हई होणार. मग एका माणसाने मला उपडं धरलं आणि यंत्राने माझ्या बुडाला भोक पाडलं. त्यातून वायर ओवली आणि आत बल्ब बसवला. माझ्या शेजारी पाटी लावली: या जुन्या दिव्यासोबत फोटो काढा, तीन मित्रांना टॅग करा, कोल्ड कॉफी मोफत मिळवा.

थोड्याच दिवसांपूर्वी भार्गवी आली होती. एकटीच. कोपऱ्यातल्या टेबलावर बसली, काही मागवलं नाही. मालक जवळ आला, तेव्हा तिने हळू आवाजात विचारलं, "भैया, वो पुरानी वाली रील हटा देंगे क्या? मेरी माँ की है. लोग अब भी उन्हें ढूँढते हुए आते होंगे."

मालक वाईट माणूस नव्हता. खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला. "मैडम, रोज आते हैं. इसीलिए तो नहीं हटा सकता. हमारी सबसे ज़्यादा वही चलती है."

"और आप उनसे क्या कहते हैं?"

"यही कि आंटी छुट्टी पर हैं." त्याला स्वतःलाच लाज वाटली असावी. मान खाली घालून म्हणाला, "और कुछ चाहिए तो बोलिए. ये लोटा ले जाइए, आप ही के घर का है."

त्याने मला खिळ्यावरून काढून तिच्या हातात दिलं. किती दिवसांनी त्या हातात आले मी! तिने माझी कडी धरली. मग मला उलटं केलं आणि भोक पाहिलं. बोट त्यावर ठेवलं.  मग उठून स्वतःच मला परत खिळ्यावर अडकवलं, वायर नीट केली आणि बिल न झाल्यामुळे कोणाला काही न देता निघून गेली.

मित्रांनो, माझ्या बुडाचं भोक कोणी बुजवा, असं मी म्हणणार नाही. बुजवलं तरी त्यात तूप घेऊन कोण कोणापुढे वाकणार? मला तुम्हाला इतकंच सांगायचं आहे. तुमच्या गावातही एखादी बाई असेल, जी दारात उभी राहून या म्हणते. तिच्याकडे फुकट असेल तेव्हा जाऊ नका. पैसे द्यायचे असतील त्या दिवशी जा, गर्दी नसेल त्या दिवशी जा, आणि पुन्हा जा. मोबाइल खिशात ठेवून जेवा. ती विचारेल तेव्हा 'नको' म्हणा आणि तरीही थोडं घ्या.

तुम्ही जाल असं मला वाटत नाही. समोरच्या टेबलावरची मुलं आत्ताच उठून माझ्याकडे येत आहेत. त्यातल्या एकीने मोबाइल उंच धरला आहे. मालकाने माझा बल्ब लावला आहे.